दप्तरखाना : पंच्याहत्तर रुपयांचं कर्ज आणि तीन खतं

मागच्या अंकात मोडीतलं जुनं कर्जखत कसं वाचावं, शक कुठे शोधावा, साक्षीदारांची नावं कुठे असतात आणि ‘निशाणी नांगर’ (अक्षर न येणाऱ्या कुणब्याने सहीऐवजी काढलेली नांगराची खूण) म्हणजे काय, एवढंच लिहिलं होतं. त्यावर वाचकांनी घरोघरच्या ट्रंका उघडलेल्या दिसतात. बहुतेक पत्रं पुणे आणि नगर जिल्ह्यांतली, आणि जवळजवळ सगळी १८६० ते १९०० मधल्या सावकारी कर्जाबद्दलची. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच. ‘जमीन परत मिळेल का’ असं विचारणाऱ्यांचं उत्तर पुढे आहे, पण मधलं वाचल्याशिवाय तिकडे उडी मारू नये ही विनंती. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. घाईने शेवटचं पान बघणाऱ्या पक्षकारांचं काय होतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत तीन मोडी कागद निघाले. तिन्ही एकाच सावकाराला लिहून दिलेले. पहिला वैशाख शके १७८८चा, रु. ७५चा, त्यात ‘सरकारसाऱ्याकरिता व बैलाकरिता’ असं कारण आहे. दुसरा वैशाख शके १७९१चा, रु. १२९चा. तिसरा वैशाख शके १७९४चा, रु. २२१ आणे १४चा, त्यात एक शेत गहाण आहे. व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. घरात सांगतात की खापरपणजोबा उधळे होते, लग्नांत पैसे उडवून पुन्हा पुन्हा कर्ज काढत. कागदांवरून तेच खरं दिसतं ना?
— एक वाचक, ता. शिरूर

उत्तर : नाही हो. कागद आणि पेन्सिल घ्या. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस. पंच्याहत्तर रुपयांवर तीन वर्षांचं व्याज चोपन्न. पंच्याहत्तर आणि चोपन्न मिळून एकशे एकोणतीस. झालं तुमचं दुसरं खत. आता १२९ वर पुन्हा तीन वर्षांचं व्याज काढा : ९२ रुपये १४ आणे. बेरीज २२१ रुपये १४ आणे. झालं तिसरं. खापरपणजोबांनी १८६६ साली एकदाच पंच्याहत्तर रुपये घेतले. त्यानंतर त्यांच्या हातात एक पैसाही पडलेला नाही.

तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या खतात ‘रोख घेतले’ असंच लिहिलेलं असणार. पुन्हा बघा, असेलच. ते लिहिल्याशिवाय खत पुरं होत नसे. कुळकर्णी लिही, दोन साक्षीदार बसत आणि कुणबी नांगराची निशाणी करून मोकळा होई. मुन्सिफाच्या कोर्टात दावा गेला की हाकिमापुढे फक्त हा कागद यायचा. त्यात रोख घेतल्याचं कबूल आहे, निशाणी आहे, साक्षीदार आहेत. मग विचारायचं काय उरलं? कुळ, म्हणजे इथे कर्जदार, बहुधा हजरच नसे. दावा एकतर्फी निकाली निघायचा आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, सावकाराच्या हातात.

दर तीन वर्षांनीच का, तेही सांगतो. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावणं भाग पडलं. त्याआधी मुंबई इलाख्यात मुदत पुष्कळ लांब होती. जुन्या थकलेल्या कर्जांचे दावे वर्षानुवर्षं टांगून राहू नयेत, कुळाला त्रास होऊ नये, हा कायद्याचा हेतू. झालं भलतंच. तीन वर्षं भरत आली की सावकार दारात : दावा लावू, की नवं-जुनं करतोस? कोण म्हणेल दावा लाव! आणि नवं-जुनं केलं की कालचं व्याज आजचं मुद्दल होतं. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नये असा, आणि इंग्रजी कोर्टंही तो मानत. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत गेलं तर दामदुपट धरणार कशाला? तुमच्या तिन्ही खतांत व्याज कधीच मुद्दलाच्या वर गेलेलं नाही. कायद्याने सगळं नीट आहे. चौथं खत झालं असतं तर ते ३८१ रुपये १० आण्यांचं झालं असतं.

यात आणखी एक गोष्ट दिसत नाही ती मला जास्त खटकते. या सहा वर्षांत सुगीला खळ्यावरून सावकाराकडे काहीच गेलं नसेल? ज्वारी गेली असेल, कडबा गेला असेल, बाईने तूप नेऊन दिलं असेल. त्याची पावती मिळायची पद्धत नव्हती. वही सावकाराची, लिहिणार सावकार. खतात घेतलेलं तेवढं सापडतं, फेडलेलं सापडत नाही.

लग्नांबद्दल. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, त्या दंग्यांनंतर सरकारने कमिशन नेमलं. कर्जाची कारणं शोधताना लग्न-समारंभांच्या खर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलं आहे, असं त्या कमिशननेच लिहून ठेवलं. साहेब लोकांना दीडशे वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आपल्या घरांत अजून पोचलेली नाही. त्याच कमिशनने नगर जिल्ह्यातली बारा गावं नमुन्याला घेतली होती. सरकारी जमिनीचे सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले निघाले, त्यांचं कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, अठरापट होतं, आणि जवळजवळ दोन तृतीयांश कर्ज जमीन गहाण टाकून उभं होतं. तुमचे खापरपणजोबा त्या रांगेतले. ‘उधळे’ हा शिक्का आता पुसून टाका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तिसऱ्या खताबद्दल एक. नवं खत झालं की जुनं फाडून किंवा तसंच कुळाला परत मिळे, म्हणून पहिली दोन तुमच्या पेटीत असणं साहजिक आहे. तिसरं सावकाराच्या पेटीत असायला हवं होतं. कर्ज फिटलं असतं तर पाठीवर ‘भरून पावलो’ असा शेरा मिळाला असता. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाठ कोरी आहे. ती नुसती नक्कल असू शकते. आणि या खताची मुदत शके १७९७च्या वैशाखात, म्हणजे १८७५च्या मे महिन्याच्या सुमारास संपत होती. त्या महिन्यात तुमच्या भागात सावकारांच्या पेट्यांतून बरेच कागद बाहेर आले. यापुढे मी काही म्हणणार नाही. कागदाला स्टँप आहे का आणि निशाणी मूळ शाईची आहे का, ते कळवा.

प्रश्न : आम्ही मारवाडी. पाच-सहा पिढ्या नगर जिल्ह्यात आहोत, घरात मराठीच बोलतो. पूर्वज धान्याचं दुकान आणि सावकारी करत. ‘दंग्याच्या साली’ वह्या गेल्या एवढंच घरात ऐकलं. शाळेत मुलाला धडा होता, त्यात आमच्यासारख्यांचं चित्र फार काळं आहे. खरं काय समजावं?
— एक वाचक, ता. पारनेर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तोंडदेखलं उत्तर देणार नाही.

सावकार नुसताच बघ्या होता असं मी म्हणणार नाही. वरच्या उत्तरातला हिशोब त्यानेच केलेला आहे. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावचं प्रकरण तर कमिशनच्या कागदांतच आहे. १८७४च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या मारवाड्याने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं राहतं घर पाडायला घेतलं. दीडशे रुपयांसाठी देशमुखाचं घर! गावाने बहिष्कार घातला. शेत करायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. मारवाडी गाव सोडून शिरूरला गेले. बहिष्काराचं लोण गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात गुजर-मारवाड्यांची दुकानं आणि घरं लुटली गेली. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. चोवीस तासांत चौदा मैलांवरच्या एका गावात बड्या मारवाडी सावकाराचं घर पेटलं.

पण आता हे बघा. सारा हवा होता सरकारला, तोही रोख, ठरल्या तारखेला, पाऊस पडो न पडो. १८३६ साली इंदापुरापासून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी, म्हणजे साऱ्याची आकारणी, सुरू झाली. तिचे दर आधीच्यापेक्षा बरे होते हे मान्य करायला हवं. १८६७ला मुदत संपली आणि फेरआकारणीत इंदापूर तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस आणि त्याच्यामागे सगळंच महागलं होतं. रेल्वेच्या कामावर मजुरी मिळत होती. ती तेजी डोळ्यांपुढे ठेवून आकारणी झाली, आणि आकारणी लागू होईतो तेजी ओसरलेली. हप्त्याच्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी रोकड नाही. मग पाटील-कुळकर्णी सांगणार, जा वाण्याकडे. तुमचे पूर्वज त्या दिवशी पैसे मोजत होते म्हणून मामलेदाराचा वसूल वेळेवर जमा होत होता. सरकारी पन्हाळीतलं पाणी त्यांच्या अंगणातून वाहत होतं, आणि जाताना त्यांचा रांजणही भरत होतं.

१८७५च्या आरंभी सरकारने आणखी एक हुकूम काढला : थकलेल्या साऱ्यासाठी आधी जंगम मालमत्ता विकावी, जमिनीला शेवटी हात लावावा. शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून. सावकाराने काय विचार केला? जमीन माझ्याकडे गहाण आहे, ती आता साऱ्यापायी लिलावात जात नाही, मग मी याचा सारा का भरू? त्याने हात आखडला. ज्या माणसावर सगळं उभं होतं तो नेमका त्या उन्हाळ्यात बाजूला सरकला. दंग्याचं तत्काळ कारण शोधायचं तर मी इथे बोट ठेवीन. सारा कमी करण्याबद्दल सरकारने १८७४च्या शेवटीच ठरवलं होतं, तालुक्याची वाढ शेकडा तेहतीसच्या वर नेऊ नये असं. पण लोकांपर्यंत ते पोचायला उशीर झाला होता.

लोकांचा राग कागदावर होता. बहुतेक गावांत जमाव सावकाराच्या दारात जाऊन खतं मागे. दिली की जाळून निघून जात. नाही दिली तर धमकी, गंजी पेटवणं. एवढ्या पसरलेल्या दंग्यात गंभीर हिंसा फार थोडी झाली. साडेनऊशेच्या वर लोक पकडले, त्यातल्या पाचशेवर जणांना शिक्षा झाल्या. तुमच्या घरच्या ‘वह्या गेल्या’ या दोन शब्दांत बहुधा असंच एखादं दुपारचं प्रकरण आहे.

त्या वेळी एक अफवा फिरत होती, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातल्या कुणा इंग्रज साहेबाची मालमत्ता मारवाड्याने कर्जापायी विकवली. साहेबाने विलायतेत राणीकडे अर्ज केला आणि राणीने हुकूम पाठवला की मारवाड्यांची खतं काढून घ्या. लोकांनी ती खरी मानली. राणी चांगली, मधले लोक वाईट, हा आपला विश्वास फार जुना आहे. सारा नेमका कोणाच्या नावाने वसूल होतो, हे त्यात सोयीने विसरलं जायचं.

आणि ज्या गावात ब्राह्मण सावकारही होते तिथे बहुतेक वेळा मारवाडी-गुजरच लुटले गेले, ब्राह्मण सुटले. व्याज दोघांचं सारखंच. मुलाला धड्याबरोबर हेही सांगा. कमिशनचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या ओझ्यावर ठपका ठेवला. सरकारला सावकारावरचा ठपका जास्त मानवला, यात नवल नाही.

प्रश्न : १८७५च्या दख्खनच्या दंग्यांची कारणं मुद्द्यांत लिहून द्याल का? पाच गुणांचा प्रश्न आहे. परीक्षा जवळ आली आहे.
— एक विद्यार्थिनी, दौंड

उत्तर : मुद्दे देणार नाही, वरची दोन उत्तरं वाच, त्यात पाचाहून जास्त गुण आहेत. फक्त एक चूक टाळ. ‘कापसाचे भाव पडले म्हणून शेतकरी बुडाला’ असं एका वाक्यात लिहू नकोस. भीमथडी, इंदापूर, शिरूर हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख. इथे कपाशी फारशी नव्हती. कापसाच्या तेजीने इथे महागाई आणली, मजुरी वाढवली आणि सावकाराला सढळ हाताने उधार द्यायला लावलं. तेजी गेली, उधारी राहिली.

प्रश्न : आमची बारा एकर जमीन १८९०च्या दशकात ‘खुषखरेदी’ने सावकाराच्या नावे झाली. पण पणजी सांगत असे की ती विक्री नव्हती, कर्जापायी नुसतं नाव लावलं होतं, पैसे दिले की परत द्यायचं ठरलं होतं. शेतकऱ्यांसाठी कायदा झाला होता ना? मग हे कसं झालं? आता काही करता येईल का?
— एक वाचक, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

उत्तर : कायदा झाला होता, आणि तुमच्या जमिनीची खुषखरेदी बहुधा त्या कायद्यामुळेच झाली.

१८७९चा दक्षिणेतील शेतकऱ्यांना मदत देण्याचा कायदा, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. त्या काळाच्या मानाने धाडसी होता. खतात लिहिलेल्या आकड्यावर न थांबता कर्ज पहिल्यापासून कसं वाढत गेलं ते कोर्टाने खणून काढावं, मुद्दल आणि व्याजाचा हिशोब वेगळा मांडावा, व्याजावर व्याज धरू नये. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नाही. जमीन खास गहाण दिलेली नसेल तर जप्त करता येणार नाही. हप्ते पाडून द्यावेत. कुळाने मागितली तर सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशोब द्यावा. खतं गावच्या रजिस्ट्रारापुढे व्हावीत. शिरूरच्या वाचकांचे खापरपणजोबा या कोर्टात उभे राहिले असते तर २२१ रुपये १४ आण्यांचं खत सोलून त्यातले मूळचे पंच्याहत्तर वेगळे काढले गेले असते.

सावकाराने मग गहाणाचा नाद सोडला. कोर्ट कर्जाचा इतिहास विचारतं? ठीक, आपण कर्ज दिलंच नाही, जमीन विकत घेतली. कागदावर साफ खुषखरेदी, तोंडी वचन की पैसे आले की परत करू. जमीन कसायला पुन्हा त्याच शेतकऱ्याकडे, फक्त आता कबुलायत (कुळाने लिहून दिलेला करार) लिहून, खंडाने म्हणजे भाड्याने. आपल्याच शेतात कुळ. पुढे कायद्यात दुरुस्ती करून असल्या खरेदीमागचा खरा व्यवहार काय होता हे कोर्टाला तपासायची मुभा दिली. पण त्यासाठी दावा लावायला हवा, साक्षी हव्यात, वचन ऐकलेली माणसं जिवंत हवीत. तुमच्या पणजीचं बोलणं अगदी खरं असू शकतं. मला ते खरं वाटतं. पण तिला कोर्टात कुणी विचारलं नाही.

१९०४च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने शेतकऱ्यासाठी सावकाराशिवाय दुसरा दरवाजा उभा केला. १८८०च्या दशकातच सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुण्यात शेतकऱ्यांची बँक काढायची योजना मांडली होती, ती सरकारी फाइलींत गारठली. वीस-बावीस वर्षं फुकट गेली असं माझं स्पष्ट मत आहे. १८७९च्या कायद्याची जागा शेवटी १९४७च्या मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायद्याने घेतली.

आता तुमच्या जमिनीचं. नाही. आज अवैध सावकारीविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१४चा कायदा आहे. त्यात जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सावकाराने बळकावलेली जमीन परत मागता येते, पण ती पंधरा वर्षांच्या आत गेलेली असली पाहिजे. तुमची जाऊन सव्वाशे वर्षं झाली, मध्ये किती खरेद्या आणि वाटण्या झाल्या असतील. ‘जुनी सावकारी जमीन सोडवून देतो’ म्हणून पैसे मागणारे एजंट नगर-बीडकडे फिरत असल्याचं दोन वाचकांनी लिहिलं आहे. त्यांना दारातूनच वाटेला लावा. मात्र जमीन गेल्या पंधरा वर्षांत गेली असेल, आणि देणाऱ्याकडे परवाना नसेल, तर आजच तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे जा.

प्रश्न : वासुदेव बळवंत फडके यांचं बंड म्हणजे दंग्यांचाच पुढचा भाग म्हणायचं का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : सरळ पुढचा भाग नव्हे. मध्ये १८७६ ते ७८चा दुष्काळ आहे, तो विसरता येत नाही. फडक्यांनी १८७९च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घातला, म्हणजे मुलूख तोच. पण दंग्यातल्या शेतकऱ्यांना खतं हवी होती, फडक्यांना इंग्रजांचं राज्य जायला हवं होतं. कमिशनचा अहवाल १८७६चा आणि कायदा १८७९चा. तीन वर्षं थंड पडलेलं काम त्याच वर्षी मार्गी लागलं, यात फडक्यांच्या बंडाचा हातभार असावा असं मला वाटतं.

पत्र पाठवणाऱ्यांसाठी : खतांचे फोटो पाठवताना पाठीची बाजू जरूर पाठवा. भरपाईचा शेरा, स्टँप विकणाऱ्याचं नाव आणि तारीख सगळं मागेच असतं. मूळ कागद टपालाने पाठवू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. पुढच्या अंकात कबुलायती आणि खंडाच्या चिठ्ठ्या घेणार आहे. कोणाकडे खंड धान्यात ठरलेला कागद असेल तर आधी कळवा, कारण त्यातली मापं गावागणिक बदलतात आणि मला वेळ लागतो.